सटवाईच्या आधीचं मिनिट

मूल जन्मलं की आमच्याकडं पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदी-कुंकू वाहायचं, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. त्या रात्री सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. मी गारगोटीत दहावीपर्यंत शिकलेला माणूस. विज्ञानाच्या तासाला सटवाई कुणी शिकवली नाही, तरी घरातल्या पाचव्यांना लेखणी मीच आणून ठेवली. त्यात मला काही वावगं वाटत नाही. मला अडलंय ते वेगळंच. सटवाई येते पाचव्या रात्री. मग जे लेकरू पहिल्याच मिनिटाला श्वास न घेता गेलं, त्याचं लिहिलं कुणी? लिहिणारी उंबऱ्याशी पोचायच्या आधीच निकाल लागला कसा?

हे मी एकदा देवळाच्या कट्ट्यावर बोललो. एक म्हातारा म्हणाला, "त्येचं मागल्या जन्मात लिव्हलेलं असतंय." म्हणजे या जन्मात हिशेब लागेना की खातं मागल्या जन्माच्या वहीत ढकलायचं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पूर्वी असंच करायचे.

माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना 'किती पोरं?' म्हणून विचारलं की उत्तर दोन आकड्यांत यायचं. "झाली आठ, हायती पाच." मधल्या तिघांना नाव नसायचं, कारण बारशापर्यंत ती पोचलीच नव्हती. अशा लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. वर दगड ठेवला की झालं. तारीख कुठं लिहिलेली नसायची. माझ्या एका चुलतीला मात्र सगळं पाठ होतं. एक रोपलावणीत, एक गुऱ्हाळ चालू असताना, एक वेदगंगेला पूर आला तेव्हा. आणि तिघांचंही कारण ती एकाच वाक्यात सांगायची, "रडलंच न्हाई."

या 'रडलंच न्हाई'वर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडं 'रडलं नाही' आणि 'मेलेलं जन्मलं' ही एकच गोष्ट समजत आले. ती एक नाही. पोटात असताना पोर नाकानं श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू वारेतून नाळेवाटे मिळतो. त्याच्या फुप्फुसात पाणी असतं. जन्मल्यावर पहिला मोठा श्वास घेतला की ते पाणी मागं हटतं, फुप्फुस उघडतं आणि आईवरची उधारी संपते. कधी बाळंतपण लांबतं, नाळ दाबली जाते, पोर गुदमरून बाहेर येतं. अंग निळं, हातपाय लोंबते, आवाज नाही. पण आत काळीज चालू असतं. ते जिवंत असतं. फक्त सुरुवात झालेली नसते.

जुन्या सुइणींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. आमच्या गावच्या सुईणबाई नाळेला दोन बोटं लावून बघायच्या. ठोका लागतोय तोवर पोराला सोडायच्या नाहीत. पाठ चोळायच्या, तळव्यावर टिचक्या मारायच्या, कानाशी ताट वाजवायच्या, फोडलेला कांदा नाकाला लावायच्या, तोंडाला तोंड लावून फुंकर घालायच्या. वार तव्यावर शेकायची रीतही होती, म्हणजे तिथली ऊब नाळेतून पोराकडं जाईल म्हणून. यातलं ताट आणि कांदा फुकट होतं, वार शेकण्यानंही काही साधत नव्हतं, आणि पोराला उलटं टांगून मारणं तर वाईटच. पाठ चोळणं आणि फुंकर मात्र खरी होती. पण त्याहून मला मोठी वाटते ती त्या बाईची वागणूक. दाराच्या आत ती शेवटपर्यंत झटत असायची, आणि दाराबाहेर बसलेले आम्ही बापये 'नशीब' म्हणून मोकळे व्हायचो. नशीब हा शब्द बाहेरच्यांचा आहे.

हेच बापये गोठ्यात काय करतात बघा. म्हैस व्याली आणि रेडकू हलेना, तर कुणी पाचवीची वाट बघत नाही. नाकातोंडातला चिकटा हातानं ओढून काढायचा, पिंजराच्या चुंबळीनं अंग खसाखसा चोळायचं, नाकपुडीत काडी घालायची. शिंक आली की जीव आला. हे मी स्वतः कितीतरी वेळा केलं आहे, आणि आमच्या भागात गुरं असलेला प्रत्येक माणूस करतो. पुढं एका डॉक्टरबाईंकडून बाळाचं ऐकलं तेव्हा मी हसलोच. आधी कोरडं करा, ऊब द्या, पाठ चोळा, तोंड-नाक तुंबलं असेल तर मोकळं करा. तेवढ्यानं पुष्कळ पोरं रडतात. नाही रडलं तर हातानं दाबायची रबरी पिशवी आणि तोंडा-नाकावर बसणारा मुखवटा घेऊन मिनिटाला चाळीस ते साठ वेळा हवा द्यायची. आणि हे पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला पाहिजे. शंभर पोरांत साधारण दहांना काही ना काही मदत लागते, त्यातल्या बहुतेकांना एवढीच. नळी घालणं, औषधं, हे शंभरात एकाला, कधी तेवढंही नाही. सुरुवातीला सिलिंडरही लागत नाही, दिवस भरलेल्या पोराला खोलीतली हवा पुरते.

म्हणजे गोठ्यातली विद्या घरात होती. ती माजघरातून बाळंतिणीच्या खोलीत गेली नाही, कारण ती पुरुषांच्या हातात होती आणि पुरुषांना त्या दाराच्या आत जाणं नव्हतं.

कमी दिवसांच्या पोराचं दुखणं निराळं. ते रडतं, पण तासाभरात धापा टाकायला लागतं. बरगड्या आत ओढल्या जातात, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो. खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी ओली झाली की तिच्या दोन्ही बाजू कशा एकमेकीला चिकटतात, सोडवता सोडवत नाहीत, तसं त्याच्या फुप्फुसातल्या बारक्या फुग्यांचं होतं. पूर्ण दिवसांच्या पोराच्या फुप्फुसात साबणासारखा एक पदार्थ तयार झालेला असतो, तो त्या फुग्यांना चिकटू देत नाही. कच्च्या पोराकडं तो पुरेसा नसतो. प्रत्येक श्वासाला त्याला चिकटलेली पिशवी नव्यानं फोडावी लागते. दोन दिवसांत ते दमून जातं.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. दिवस भरायला साडेपाच आठवडे होते. वजन दोन किलोच्या वर, म्हणजे आमच्या भागात कुणी फारसं लहान म्हटलं नसतं. पण त्याला हेच दुखणं झालं. बोस्टनच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, होते नव्हते ते सगळे उपाय केले, आणि ३९ तासांत पोर गेलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं पोर. पैसा होता, विमान होतं, डॉक्टर होते. उपायच जन्मला नव्हता. त्या साबणासारख्या पदार्थाची उणीव हेच कारण, हे मेरी एलन एव्हरी नावाच्या डॉक्टरबाईंनी १९५९ सालीच दाखवलं होतं, पण गाईच्या फुप्फुसातून काढलेला तो पदार्थ पोरांच्या फुप्फुसात घालून त्यांना जगवल्याचं जपानच्या फुजिवारांनी दाखवलं ते १९८० साली. मधल्या काळात न्यूझीलंडच्या लिगिन्स नावाच्या डॉक्टरांना मेंढ्यांवर प्रयोग करताना दिसलं, की एक विशिष्ट औषध दिलेली कच्ची कोकरं, जी श्वासाअभावी मरायला हवी होती, ती श्वास घेत राहतात. त्यातूनच कळा लवकर आलेल्या आईला सुई देऊन पोटातल्या पोराचं फुप्फुस आधीच तयार करायची रीत निघाली. १९७२ पासून तिचा पुरावा छापलेला आहे, आणि ती सुई महाग नाही. गाय आणि मेंढी. आमच्या धनगरवाड्यावर हे सांगितलं तर एकजण म्हणाला, "म्हंजे मेंढरानं माणसाला शिकीवलं म्हना की."

केनेडींच्या त्या पोराबद्दल मी 'नशीब' म्हणायला तयार आहे. पण त्याच सुमाराला आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर जी पूर्ण दिवसांची, धट्टीकट्टी पोरं 'रडलीच नाहीत' म्हणून पुरली गेली, त्यांच्याबद्दल तोच शब्द कसा वापरायचा? हातानं दाबायची ती पिशवी १९५६ पासून बाजारात मिळत होती. जगात होती, आमच्याकडं नव्हती. एका नशिबात उपाय जन्मलाच नव्हता. दुसऱ्यात उपाय जन्मला होता, फक्त त्याची एसटी आमच्या फाट्यावर थांबत नव्हती. दोन्हीला एकच शब्द वापरला की दुसऱ्याची चौकशी होत नाही. शब्दाचा एवढाच दोष. पण तो लहान नाही.

ती एसटी कुणीतरी गाडीवाटेनं ढकलत नेली, हे आपल्याच महाराष्ट्रात घडलं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले, तिथं जंगलातल्या गावांत बहुतेक बाळंतपणं घरातच होत. दवाखाना लांब, आणि आजारी पोराला दवाखान्यात न्या म्हटलं तरी लोक नेईनात. मग त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना शिकवलं. बाळंतपणाच्या वेळी सुइणीशेजारी बसायचं, पोर रडलं नाही तर मुखवट्यानं हवा द्यायची, वजन करायचं, ऊब राखायची, पुढं महिनाभर घरी जाऊन बघायचं, जंतुदोष दिसला तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. ३९ गावांत हे केलं आणि शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहिलं. तिसऱ्या वर्षी नवजात पोरांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ साली ते परदेशातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलं.

मला त्यातला एक भाग फार आवडतो. न्यूमोनिया ओळखायचा तर पोराचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या पोराचे साठ किंवा त्याहून जास्त झाले तर धोका. पण ज्या सुइणींना तेवढे आकडे मोजता येत नव्हते त्यांचं काय? त्यांच्यासाठी लाकडी पाटीवर मणी ओवले आणि शेजारी मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर औषध. बाईला मोजता येत नाही म्हणून तिला बाहेर बसवलं नाही, मोजणंच तिच्या हाताला येईल असं करून दिलं. आमच्या शेतकी खात्यानं एवढं ध्यानात घेतलं असतं तर पुष्कळ झालं असतं, पण तो विषय वेगळा.

पोट उडायला लागलेल्या पोराला पूर्वी आमच्याकडंही तापवलेल्या सुईचा डाग देत. मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. डाग देणारा कसाई नसतो. त्यालाही पोर वाचवायचंच असतं. त्याच्या हातातली सुई काढून घेणं सोपं आहे. त्या हातात दुसरं काही दिलं नाही तर ती सुई परत येते.

इथवर माझा विचार सरळ चालतो. पुढं तो अडखळतो. नशीब जसं मागं हटतं तशी त्याच्या जागेवर कसूर येऊन बसते. आणि आपल्या घरात कसूर पहिली कुणाच्या पदरात पडते? बाळंतिणीच्या. आमच्या भावकीतल्या एका सुनेचं लेकरू तिसऱ्या दिवशी धाप लागून गेलं. भेटायला येणाऱ्या बायका डोळे पुसत पुसत तिला विचारायच्या, "कळा आल्यावर लगीच का सांगितलं न्हाईस? वझं उचललंस काय? पाजताना आडवी झाली हुतीस काय?" पूर्वीची बाई 'देवानं नेलं' म्हणून भिंतीला टेकून रडू तरी शकत होती. या पोरीला रडायच्या आधी जबाब द्यावा लागत होता. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की 'नशीब' हा शब्द नुसता आळशाचा नाही. तो बाळंतिणीच्या अंगावरचं पांघरूण होता. आपण शहाणे झालो आणि ते ओढून घेतलं, त्याऐवजी तिच्या अंगावर काही घातलं नाही.

मग करायचं काय? पोर वाचलं असतं हे खरं असेल तर ते बोलायचंच नाही का? मला वाटतं बोलायचं, पण बाजल्याकडं तोंड करून नाही. प्रश्न रस्त्याला विचारायचा, न आलेल्या गाडीला विचारायचा, कळा सुरू झाल्यावर फोन करायला रेंज का नव्हती ते विचारायचं. २००१ साली 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल निघाला. महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी वहीत चढतच नाहीत, हे त्यात गावोगावच्या मोजणीनं मांडलं होतं. त्या अहवालानं एकाही आईला जाब विचारला नाही. त्यानं वहीला विचारला. माझ्या चुलतीची तीन पोरं कुठल्याच वहीत नाहीत, मग त्यांच्याबद्दल कोण कुणाला विचारणार होतं?

दुसरी अडचण पैशाची. आमच्या नात्यातल्या एका पोराला सातव्या महिन्यात मुलगी झाली, किलोभर वजनाची. कोल्हापूरला एका खाजगी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली, नाकाला नळी, तिच्यातून सतत हवेचा दाब. दिवसाचा खर्च ऐकून घरात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी म्हैस विकली. आठव्या दिवशी रानाचं बोलणं निघालं. मोठी माणसं म्हणाली, "पोरगीच हाय. कशाला रान घालीवतोस? देवाची इच्छा म्हन आनि आन घरला." नवजात विभागांत मुलांपेक्षा मुली कमी दाखल होतात, असं देशभरचे आकडे सांगतात. मुली कमी आजारी पडतात म्हणून एवढा फरक पडत नाही, हे आम्हा कोल्हापूरकरांना कुणी समजावून सांगायला नको.

तो पोरगा माझ्याकडं आला. "तात्या, तुमी सांगा." मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणतात आणि पैसा काय म्हणतो, हे आधी वेगळं कर. पैसा लागणार नसता तर काय केलं असतंस?" तो म्हणाला, "ठेवली असती." "आणि पोरगा असता तर?" तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून मुलगी सरकारी दवाखान्यात हलवली. नवजात बाळाला तिथं उपचार, औषध, गाडी मोफत द्यायची, असं २०११ पासूनचं धोरण आहे. खाजगीत भरती करताना ते कुणाला आठवलं नव्हतं. ती मुलगी आज अंगणवाडीत जाते. डोळ्याला चष्मा आहे.

ती जगली म्हणून निर्णय बरोबर ठरला, असं मात्र मी म्हणणार नाही. नसती जगली तरी तो बरोबरच होता. उलटही असतं. कधी डॉक्टर स्वतःच सांगतात, की आता यंत्र पोराला जगवत नाही, फक्त मरू देत नाही. अशा वेळी नळी काढून आईच्या मांडीवर देणं यात मला पाप दिसत नाही. पण ते वाक्य पोराकडं बघून आलेलं असावं. बिलाकडं किंवा लंगोटाकडं बघून आलेलं नसावं. दोन्ही वाक्यांचा शेवट सारखाच, 'घरला न्या'. म्हणून कुठलं वाक्य कुठलं, हे विचारणारा एक तरी माणूस त्या वेळी बापाजवळ पाहिजे.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात विभागाला आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली. ज्यांना श्वास जमत नव्हता त्यांना श्वास द्यायला केलेली खोली, आणि तिच्यात धूर. त्यांच्या आयांनी आपल्याकडून काहीच बाकी ठेवलं नव्हतं. दवाखान्यात आल्या, सांगितलं तिथं लेकरू ठेवलं. ती बातमी वाचून कट्ट्यावर कुणीतरी 'नशीब' म्हणालं आणि पहिल्यांदाच दोघा-तिघांनी त्याला गप्प केलं. यंत्र आणून बसवणं म्हणजे कर्तव्य संपणं नव्हे. यंत्राच्या वायरी कोण बघतो, रात्री जागं कोण असतं, हेही त्याच कर्तव्यात येतं.

आता आमच्याकडं घरातली बाळंतपणं जवळजवळ संपली. पाटगाव-कडगावच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात अजून ओढे आडवे येतात, पण १०८ ची गाडी निदान बोलावता येते. आशाताई घरी येतात. दवाखान्यातून आलेल्या पोराला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बघायचं, असा त्यांचा नेम आहे. गडचिरोलीच्या त्या बायकांच्या कामातूनच हे देशभर आलं. त्यांना मानधन काय मिळतं आणि त्यासाठी किती मोर्चे काढावे लागतात, ते पेपरात वाचतोच.

माझ्या धाकट्या नातवाच्या सातव्या दिवशी आशाताई आल्या तेव्हा घरात पाहुणे होते, टीव्ही चालू होता, दारात ट्रॅक्टर धडधडत होता. त्यांनी पोराच्या अंगावरचं धडकं पोटापर्यंत वर सारलं, मनगटातलं घड्याळ डोळ्यांपुढं धरलं आणि म्हणाल्या, "एक मिनिट समद्यांनी गप बसा." टीव्ही बंद झाला. मुलानं बाहेर जाऊन ट्रॅक्टर बंद केला. बारा-पंधरा माणसं एका पोराच्या वरखाली होणाऱ्या पोटाकडं बघत उभी. कुणी शिंकलंसुद्धा नाही. एवढं लांब मिनिट मी ऊस कारखान्याला गेल्यावर काट्यावरच्या वजनासाठीसुद्धा थांबलेलो नाही.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.